सोन्याचा डोस

आमच्या घरमालकीणबाई सोन्याच्या बाबतीत फार कडक होत्या. खऱ्या सोन्याच्या नव्हे. खरं सोनं त्यांच्या अंगावर कानातल्या कुड्यांपुरतंच होतं, आणि त्याही त्या आंघोळीला जाताना न्हाणीच्या खिडकीत ठेवून विसरायच्या. कडकपणा सगळा खोट्या सोन्यासाठी राखून ठेवलेला. दर रविवारी दुपारी त्यांच्या ओट्यावर आम्ही तिघं भाडेकरू-शेजारी जमायचो, कल्पनेतल्या गुहेत शिरायचो, कल्पनेतल्या राक्षसाला मारायचो आणि कल्पनेतलं सोनं लुटायचो. ते सोनं आमच्या हाती किती लागू द्यायचं, याचा त्या आठवडाभर विचार करायच्या. भाजी निवडता निवडता मध्येच थांबून म्हणायच्या, "नाही, चाळीस मोहरा जास्त होतील."

सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणायची, म्हणून मीही अक्काच म्हणते.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी साताऱ्याकडची, जळगावात मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायला आले होते आणि पिंप्राळ्यात खोली शोधत होते. कुणीतरी अक्कांचं घर दाखवलं. अक्का सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या. लग्न केलेलं नव्हतं. अंग दणकट, आवाज असा की वॉर्डाच्या या टोकाला उभं राहून त्या टोकाच्या पेशंटला कुशीवर वळवावं. त्यांनी मला ओट्यावर बसवलं आणि मुलाखत सुरू केली.

"नवरा?"

"नाही."

"मांजर?"

"नाही."

"शिकवतेस काय?"

"इंग्रजी."

त्यांचे डोळे चमकले. पदराला हात पुसत त्या पुढे सरकल्या. "मग ‘एन्कम्ब्रन्स’ म्हणजे काय ते सांग."

मला वाटलं, घराच्या कागदपत्रांची काही भानगड असेल. म्हटलं, "ओझं. अंगावर वागवावं लागणारं, चालताना अडचण करणारं ओझं."

अक्कांनी कपाळावर हात मारला. "ओझं! आणि मी त्याला राक्षस समजत होते. दोनदा चौधरीला जखमी केलंय त्यानं!"

खोली मला तिथल्या तिथे मिळाली. भाड्याचं बोलणं दुसऱ्या दिवशी मलाच काढावं लागलं.

हा चौधरी कोण आणि त्याला जखमी करणारा खेळ कुठला, ते मला पुढच्या रविवारी कळलं. अक्का नोकरीत असताना एक गोरा मुलगा अजिंठ्याची लेणी बघायला निघाला होता. तो जळगाव स्टेशनावर उतरला आणि जुलाब-उलट्यांनी थेट अक्कांच्या वॉर्डात आला. लेणी राहिली बाजूला, स्वारी आठवडाभर सलाईनवर. जरा बरा झाल्यावर त्यानं आपल्या सॅकमधून एक पेटी काढली. पेटीत पुस्तकं आणि रंगीत फासे. फासे तरी कसे, एक शिंगाड्यासारखा चार बाजूंचा, एक आठ बाजूंचा, एक तर वीस बाजूंचा, जवळजवळ गोल. त्याला खेळायला माणूस हवा होता आणि वॉर्डात इंग्रजी समजणाऱ्या, म्हणजे औषधांच्या बाटल्यांवरचं इंग्रजी समजणाऱ्या, एकट्या अक्का होत्या. जाताना पेटी त्यांनाच देऊन गेला.

खेळ सांगायला सोपा आहे. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. सांगणारा म्हणतो, समोर गुहा आहे. आपण म्हणायचं, मी आत जातो. आत काय होईल ते थोडं सांगणाऱ्याच्या मनावर आणि थोडं फाशावर. जिंकणं-हरणं असं काही नसतं. माणूस जगला-वाचला तर पुढच्या रविवारी तोच माणूस, त्याच जखमा आणि त्याच गाठोड्यानिशी पुढे चालू. अक्कांनी पुस्तकातली परदेशी जंगलं काढून टाकून सातपुडा घातला होता. ड्रॅगनचा अजगर झाला होता. फासे मात्र जसेच्या तसे, इंजेक्शनच्या सुया उकळायच्या स्टीलच्या डब्यात. खेळापूर्वी त्या ते खरंच उकळत्या पाण्यातून काढायच्या. का, असं विचारलं तर म्हणायच्या, "चार हातांत फिरतात."

खेळणारे आम्ही तिघं. मागच्या खोलीत राहणारे चौधरीभाऊ बोदवडचे. एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. माणूस काडीसारखा, शर्ट दांडीवर वाळत घातल्यासारखा अंगावर लोंबायचा. खेळात ते रणधीर नावाचे महाबलाढ्य योद्धे होते आणि रणधीरबद्दल बोलताना त्यांची छाती खरोखर दोन बोटं वर यायची. दुसरे समोरच्या घरातले कांतीभाऊ. त्यांचं घराणं मूळचं राजस्थानातलं, कापडाचं दुकान. गिऱ्हाइकाला मापापेक्षा चार बोटं जास्तच कापड फाडून द्यायचे, त्यावरून थोरला भाऊ त्यांना रोज बोलायचा. या सज्जन माणसानं खेळात चोर व्हायचा हट्ट धरला होता. "आयुष्यात एकदा तरी," असं ते लाजत म्हणाले होते. तिसरी मी, चंद्रा नावाची तिरंदाज. अक्का मला मास्तरीण म्हणायच्या, खेळातसुद्धा.

अक्कांची बोली मला हुबेहूब लिहिता येणार नाही. एरवी त्या दवाखान्यातली मराठी बोलायच्या. राग आला किंवा माया दाटली की मात्र अहिराणीवर यायच्या. त्यामुळे त्या अहिराणी बोलायला लागल्या की नक्की काय झालंय ते कळायला मला वर्ष लागलं.

मी येण्याआधी ओझ्याचा नियम नव्हता, तो राक्षस होता, हे सांगितलंच. मी येऊन तो अर्थ सांगितला आणि बाकीच्या दोघांच्या नशिबी हाल आले. तोवर ते बिनदिक्कत हंडेच्या हंडे उचलून चालायला लागायचे. आता अक्का विचारू लागल्या, "मिळालं ना? बठ्ठं, सगळं तुमचं शे. उचला." आणि मग हंड्याचं वजन, रणधीरच्या चिलखताचं वजन, ढाल कुठल्या हातात, हंडा कुठल्या हातात. एकदा चौधरीभाऊंनी सोन्याची चार फुटी मूर्ती सोडायला साफ नकार दिला. अक्कांनी शांतपणे नदी आणली.

पण नियम उशिरा आला होता. त्याआधी झालेली चूक निस्तरायची राहिलीच होती. माझ्या पहिल्या रविवारी ती चूक मला प्रत्यक्ष बघायला मिळाली.

झालं होतं असं, की सावद्याच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याशी एका गुहेत अजगर होता, आणि पुस्तकात अजगराजवळ जेवढं धन लिहिलं होतं तेवढं अक्कांनी मोकळ्या मनानं देऊन टाकलं होतं. परिणाम असा, की रणधीरनं हत्ती घेतला होता. आणि कांतीभाऊंच्या चोरानं, ज्याच्यासाठी त्यांनी एवढा हट्ट धरला होता त्या चोरानं, कापडाचं दुकान काढलं होतं.

अक्का गंभीर आवाजात म्हणाल्या, "डोंगरातून रात्रंदिवस किंकाळ्या ऐकू येताहेत. काय करता?"

कांतीभाऊ म्हणाले, "सीझन आहे अक्का. दुकान सोडून कसं जमेल?"

चौधरीभाऊ म्हणाले, "रणधीर दोन नोकर पाठवतो. बघून या म्हणावं."

अक्कांनी दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. मग त्यांनी फासे डब्यात भरले आणि झाकण लावलं. "आज बंद."

त्या आठवड्यात त्या घरात कुणी गेल्यासारख्या वावरत होत्या. गुरुवारी मला म्हणाल्या, "मास्तरीण, चूक त्यांची नाही. डोस माझा चुकला. सोनं हे औषध आहे. कमी पडलं तर पेशंट उठत नाही, जास्त झालं तरी उठत नाही. माझे दोघंही खाटेवरून उठेनात."

"मग आता?"

"पोट साफ करायचं," अक्का म्हणाल्या.

रविवारी त्यांनी चोर घातले. रणधीर झोपलेला असताना चोर आले आणि सगळं धन घेऊन गेले. फासा नाही, काही नाही. चौधरीभाऊंचा चेहरा पांढरा पडला. ते म्हणाले, "मी जागा होतो."

"झोपला होतास."

"हत्ती ओरडला असता."

"हत्तीला गुंगीचं औषध दिलं."

चौधरीभाऊ उठून उभे राहिले. "अक्का, तुम्हीच दिलं आणि तुम्हीच घेतलं. हाई अन्याय शे," असं म्हणून ते खोलीत निघून गेले आणि दार लावून घेतलं. त्यानंतरचे दोन रविवार ते आलेच नाहीत. नळावर भेटले तर अक्कांना वळसा घालून जायचे. त्यांनी दुसरीकडे खोली बघायला सुरुवात केल्याचं कांतीभाऊंनी मला दबक्या आवाजात सांगितलं.

तुम्हाला हसू येईल. मलाही येत होतं. पण दिवसभर दुसऱ्याच्या चिठ्ठ्या वाचून पुड्या बांधणाऱ्या त्या माणसाकडे स्वतःचं म्हणावं असं जे काही होतं ते रविवारी दुपारी त्या ओट्यावर होतं, आणि ते एका वाक्यात नेलं गेलं होतं. हे अक्कांनाही कळलं. तिसऱ्या रविवारी त्यांनी वरण-बट्टी केली, वांग्याची घोटलेली भाजी केली आणि ताट घेऊन स्वतः चौधरीभाऊंच्या दारात उभ्या राहिल्या.

"चौधरी, चोर सापडले. धन परत आलंय."

अक्कांनी ताट दाराच्या आणखी जवळ नेलं.

"हत्तीपण भुकेला शे."

कडी निघाली.

धन परत दिलं, म्हणजे पुन्हा दुखणं तिथंच. पण या वेळी अक्कांचा उपाय वेगळा होता. त्यांनी कुणाचं काही काढून घेतलं नाही. त्यांनी पाहुणे पाठवले.

पहिल्यांदा रणधीरची आत्या आली, सोबत तिची सुना-मुलं. रणधीरला आत्या आहे हे चौधरीभाऊंनाही ठाऊक नव्हतं. आत्यानं बातमी आणली की रणधीरच्या बहिणीला चांगल्या घरचं स्थळ आलंय, मुलाकडचे साधंच लग्न मागताहेत. अक्का एवढं सांगून गप्प बसल्या.

"साधं?" चौधरीभाऊ म्हणाले. "रणधीरच्या बहिणीचं साधं?"

"ते तर साधंच म्हणतात बुवा."

"बँड पाहिजे," चौधरीभाऊ म्हणाले. "दोन बँड. आणि पंगत तीन दिवस. आणि अक्का, सगळ्या गावाला आहेर."

अक्का नुसत्या मान हलवत होत्या. रणधीरचं सोनं पाण्यासारखं वाहत होतं आणि चौधरीभाऊंच्या तोंडावर असं तेज, की खरोखरच्या मांडवात उभे असल्यासारखे. मध्येच हत्तीनं सावद्याच्या एका शेतकऱ्याची केळीची बाग खाल्ली. त्याची भरपाई त्यांनी मागितल्यापेक्षा दुप्पट दिली, वर त्या शेतकऱ्याला लग्नाचं आमंत्रण. कांतीभाऊंच्या चोराला अक्कांनी एक पडकी धर्मशाळा दाखवली, नुसती येता-जाता दाखवली. पुढच्या रविवारी ते म्हणाले, "अक्का, ती बांधून काढायला काय लागेल हो?" चोराच्या आईच्या नावाची पाटी लागली. मी स्वतःला फार शहाणी समजत होते. माझी चंद्रा त्याच महिन्यात एका खेड्यात विहीर खोदत होती, दगड लागेपर्यंत, आणि दगड लागल्यावर सुरुंगाचा खर्चही तिचाच.

महिन्याभरात तिघंही कफल्लक झालो. डोंगरातून किंकाळी आली तेव्हा चौधरीभाऊ आधी उठले.

"बघ," अक्का मला हळूच म्हणाल्या. "हातातून घेतलं की रुसतात. खर्चायला चांगली जागा दाखव, हसत हसत रिकामे होतात."

आता या सगळ्यात एक गोष्ट आम्ही कुणीच लक्षात घेतली नव्हती. अक्कांचा आवाज. ओटा रस्त्यालगत होता. पुढे वर्षभरानं एका रविवारी रणधीरनं डोंगरातून नव्यानं मिळवलेला सोन्याचा हंडा कुठं लपवायचा यावरून वाद झाला आणि अक्का वॉर्डातल्या आवाजात म्हणाल्या, "हंडा परसात पुरलाय, न्हाणीच्या मागे! आता गप बसा, कुणाला सांगू नका!"

सोमवारी शाळेतून परतले तर परसाच्या कुंपणापाशी चार बायका उभ्या. नळाला पाणी आलंय का विचारायला आल्या होत्या म्हणे. मंगळवारी दूधवाला न्हाणीकडे बघत राहिला आणि दूध उंबऱ्यावर ओतलं. बुधवारी एक मांत्रिक आला. कपाळाला शेंदूर, हातात कवटीसारखं काहीतरी. धनावर नाग बसलाय, काळी कोंबडी आणि निम्मा हिस्सा दिलात तर उठवतो, असं म्हणाला. अक्कांनी त्याला जवळ बोलावलं, त्याच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली आणि म्हणाल्या, "कावीळ आहे तुला. तेलकट बंद कर आणि उद्या दवाखान्यात जा." तो कवटी विसरून गेला. नंतर बघितलं तर नारळाची करवंटी होती.

आणि शनिवारी सकाळी प्रल्हाद आला.

प्रल्हाद हा अक्कांचा भाचा, म्हणजे त्यांच्या वारलेल्या भावाचा मुलगा. सावद्याला त्याची केळीची बाग होती. त्यातला आपला वाटा अक्कांनी विनातक्रार सही करून त्याला दिला होता. सही झाल्यावर त्याचं येणं कमी झालं. त्याची आई आजारी पडली तेव्हा अक्कांनी तिला इथं आणून शेवटपर्यंत तिचं सगळं केलं होतं. तरी प्रल्हाद अधूनमधून येऊन उभ्या-उभ्याच जायचा. ती गेल्यावर तर तेवढंही नाही. गेल्या वर्षी त्याला मुलगी झाली. बारशाचं बोलावणं गल्लीतल्या दोन घरी आलं, अक्कांकडे आलं नाही. हे मला अक्कांनी सांगितलं नव्हतं, कांतीभाऊंनी सांगितलं. अक्का त्या दिवशी दिवसभर अहिराणी बोलत होत्या एवढं मला आठवत होतं.

हातात केळ्यांचा घड घेऊन तो ओट्यावर बसला. घरात सगळे म्हणायचे म्हणून तोही आत्याला अक्काच म्हणायचा. तब्येतीची चौकशी झाली, पावसाची झाली, केळीच्या भावाची झाली. मग तो परसाकडे बघत म्हणाला, "अक्का, लोक काहीबाही बोलतात."

"लोके म्हनतस," अक्का म्हणाल्या. "मी म्हनस का?"

"नाही, पण जुनं घर आहे. असलं काही तर आपल्याच घराण्याचं असणार ना?"

अक्कांनी त्याच्याकडे नीट बघितलं. तो माझ्यापेक्षा चार-दोन वर्षांनीच मोठा असेल. चांगला उंचापुरा, पण नजर एका जागी ठरत नव्हती. मला वाटलं, आता त्या त्याला हाकलतील. मी असते तर हाकललं असतं.

"घराण्याचं आहे खरं," अक्का म्हणाल्या. "खणायचं असेल तर खण. माझी ना नाही. आधी खाऊन घे." आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मास्तरीण, त्याला पोहे कर. कांदा बारीक चीर. घाई करू नको."

एवढ्या सावकाश पोहे मी आयुष्यात केले नाहीत. प्रल्हाद स्वयंपाकघरात पाटावर बसला होता आणि मी त्याला केळीला पाणी किती लागतं ते विचारत होते. मागच्या खिडकीतून मला अक्का दिसत होत्या. न्हाणीच्या मागे खुरपं घेऊन ओणवल्या होत्या. त्या हात धुऊन आत आल्या तेव्हा नखांत माती होती आणि चेहरा एखाद्या मोठ्या शस्त्रक्रियेला निघाल्यासारखा.

मग त्यांनी दोरी आणली, चार खुंट्या ठोकल्या आणि चौकोन आखून दिला. "एवढ्यातच. कडा सरळ ठेव. खोल जाऊ दे."

प्रल्हादनं शर्ट काढला आणि कुदळ घेतली. बातमी बघता बघता पसरली. कुंपणाबाहेर माणसं, चौधरीभाऊ अर्धी रजा टाकून हजर, कांतीभाऊ दुकान भावावर सोपवून आले. कांतीभाऊंनी तो चौकोन बघितला, न्हाणीतून बाहेर येणारी मोरी बघितली, आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "ताई, हा तर शोषखड्डा आहे."

तो शोषखड्डाच होता. न्हाणीचं पाणी परसात साचायचं, डास व्हायचे, आणि खड्डा खणायला माणूस मिळत नाही म्हणून अक्का पावसाळ्यापासून कुरकुरत होत्या. मी पदर तोंडाला लावला. चौधरीभाऊंना तर कुंपणाकडे तोंड करून उभं राहावं लागलं.

कमरेइतका खड्डा झाला. प्रल्हाद घामानं निथळत होता. वरची माती सहज निघाली होती, आता मुरूम लागला होता. त्यानं एकदा वर बघितलं. अक्का कडेला खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "तो डावा कोपरा राहिलाय."

डाव्या कोपऱ्यात कुदळ टाकली आणि ठण्ण आवाज आला. आवाज कुंपणाबाहेरही गेला, सगळे कुंपणावरून पुढे वाकले. प्रल्हाद गुडघ्यावर बसला, हातानं माती उकरू लागला. तांब्याचा लोटा होता, छोटासा, तोंड फडक्यानं बांधलेलं. फडकं पांढरंशुभ्र आणि चांगलं इस्त्रीचं होतं, पण ते बघायच्या मनःस्थितीत तो नव्हता. त्यानं गाठ सोडली आणि लोटा हातावर उपडा केला.

चांदीचे वाळे. लहान मुलाच्या पायातले, दोन. किंचित काळे पडलेले, एका वाळ्याचा एक घुंगरू गेलेलं.

तो ते उलटसुलट करून बघत राहिला. मग त्यानं वर अक्कांकडे बघितलं.

"तुना शेतस," अक्का म्हणाल्या. आवाज पहिल्यांदाच इतका हळू, की कुंपणाबाहेर गेला नसेल. "तुनी मायनी ठेयेल शेतस. तुझ्या लहानपणीचे हे वाळे माझ्या हातात देऊन म्हणाली होती, प्रल्हादला मूल झालं की द्या. मी वाट बघत होते बोलावण्याची."

प्रल्हाद खड्ड्यातच खाली बसला, मांडी घालून. हातातल्या वाळ्यावर अंगठा फिरवत राहिला. लोक हळूहळू निघून गेले. हंडा निघाला असता तर कुणी हललं नसतं. वाळ्यांकडे बघत उभं राहायला कुणालाच बरं वाटेना. मलाही तिथं थांबणं जड जात होतं, पण अक्का उठल्या नाहीत म्हणून मीही उठले नाही.

बऱ्याच वेळानं तो उभा राहिला. वाळे फडक्यात बांधून वर अक्कांच्या हातात दिले, धरायला. कमरेवर हात ठेवून खड्ड्याच्या चारी बाजू निरखल्या, मोरीकडे बघितलं, आणि बहुधा तेव्हा त्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

"अक्का," तो म्हणाला, "शोषखड्ड्याला एवढा पुरणार नाही. अजून कमरेइतका तरी पाहिजे."

"मग?"

"विटांचे तुकडे आहेत का?"

संध्याकाळपर्यंत त्यानं खड्डा पुरा खणला. चौधरीभाऊ आणि कांतीभाऊ घमेली ओढत होते. विटांचे तुकडे, मग जाड वाळू, सगळं थरावर थर. जाताना त्यानं अक्कांच्या पायाला हात लावला. त्या म्हणाल्या, "पोरीना पायमा घाल. आणि घेऊन ये तिला."

त्या दिवशी संध्याकाळी मी अक्कांना विचारलं, "तो इतकं वाईट वागूनसुद्धा तुम्ही त्याला रिकाम्या हातानं का नाही पाठवलं?"

"मोठं काही मिळालं असतं तर घेऊन पळाला असता. काही नसतं मिळालं तर शिव्या देत गेला असता," अक्का म्हणाल्या. "माणूस बघून द्यावं लागतं." मग लगेच हसून म्हणाल्या, "आणि खड्डा किती सरळ खणलाय बघ. बापासारखा हात आहे."

पुढच्याच रविवारी तो आला. बायको, मुलगी, आणि खास मुलीसाठी म्हणून आणलेला बाबागाडीएवढा केळ्यांचा घड. मुलगी रांगती होती, गोल, डोळ्यांत काजळ, आणि ओट्यावर ठेवताच वाळे वाजवत सुसाट निघाली. अक्कांनी तिच्याशी पहिला अर्धा तास फक्त अहिराणीत बोलून घेतलं. प्रल्हादची बायको लाजत भिंतीला टेकून बसली होती, पण खेळ सुरू झाल्यावर थोड्याच वेळात आम्हाला गुहेतून डावीकडे जा, उजवीकडे नको, असं सांगायला लागली.

त्या दिवशी रणधीर मोठ्या पेचात होता. हातात मोडकी तलवार, समोर दोन तोंडांचा राक्षस, पाठीमागे कडा. सगळं एका फाशावर आलं होतं. वीस बाजूंचा फासा. चौधरीभाऊंनी तो दोन्ही तळव्यांत घोळवला, डोळे मिटून पुटपुटले, आणि नेमका तो त्यांच्या हातून निसटून ओट्यावर घरंगळला.

मुलीनं झडप घातली, फासा उचलला, आणि आम्ही अरे अरे करेपर्यंत जोरात फेकला. तो भिंतीला आपटला, फिरत परत आला आणि थांबला.

एक.

याच्याहून वाईट आकडा त्या फाशावर नाही.

"हे धरायचं नाही!" चौधरीभाऊ ओरडले. "अक्का, हे पोरीनं टाकलं!"

प्रल्हाद ओशाळून म्हणाला, "हो हो, पुन्हा टाका. लहान आहे ती."

अक्का वाकल्या आणि चष्मा वर करून फासा नीट बघितला. मग मुलीकडे बघितलं. ती टाळ्या वाजवत होती.

"माझ्या ओट्यावर पडलेला फासा," अक्का म्हणाल्या, "पडला."

रणधीर कड्यावरून खाली गेला. कांतीभाऊंनी टोपी काढली. चौधरीभाऊ मान खाली घालून बसले होते. वर्षानुवर्षं जपलेला माणूस होता तो त्यांचा. प्रल्हादची बायको तर घाबरून मुलीला उचलायला उठली होती.

पण मुलगीच रांगत चौधरीभाऊंकडे गेली आणि त्यांच्या मांडीला धरून उभी राहायला लागली. त्यांनी तिच्याकडे जरा वेळ रागानं बघितलं. मग तिला उचलून मांडीवर घेतलं, तिच्या मुठीत परत गेलेला फासा हळूच सोडवला, शर्टाला पुसला आणि म्हणाले, "चला अक्का. मला नवा माणूस द्या. गरीब चालेल."